तीन सारखे आकडे

ग्रंथालयाच्या गच्चीचं दार तिच्या पाठीमागे खाडकन लागलं आणि पाण्याच्या टाकीआडून कुणीतरी घाईघाईने म्हणालं, "दार धरा—" मग जरा थांबून, अगदी शांतपणे, "असू द्या. लागलंच."

टाकीआडून एक उंच माणूस पुढे आला. बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, हातात पेचकस, आणि डाव्या कानाच्या पाळीला काजळीचा काळा ठिपका. दाराला बाहेरून मूठ नव्हती. म्हणून त्याने फटीत वीट अडकवून ठेवली होती, असं त्याने सांगितलं. ती वीट वर येताना आपणच पायाने बाजूला सारली, हे तिने कबूल केलं. त्याचा फोन खाली पिशवीत होता, तिचा ग्रंथपालांच्या टेबलावर चार्जिंगला. ग्रंथपाल एक वाजता पाय मोकळे करायला वर येत. आता बारा वाजले होते.

दोघं आले होते एकाच कामाला. गच्चीच्या कोपऱ्यात एक पांढरी पेटी होती. शहराची हवा कशी आहे ते ती तासातासाला मोजायची. पेटी हवेच्या गुणवत्तेच्या सरकारी कार्यालयाची. लोक त्याला नुसतं 'हवा ऑफिस' म्हणत. पेटी खरं बोलते की नाही हे महिन्यातून एकदा तपासायला खासगी प्रयोगशाळेतून हा माणूस यायचा. एरवी त्याचं काम कारखान्यांच्या धुराड्यांवर चढून आतला धूर मोजायचं. ती त्या हवा ऑफिसातली. दोन दिवस पेटीचे आकडे विचित्र येत होते, म्हणून स्वतःच बघायला आली होती. आपण तिथे नेमकं कोण, हे मात्र तिने सांगितलं नाही. आधी विषय निघाला नाही म्हणून, आणि नंतर विषय फारच रंगला म्हणून.

भुरभुर पाऊस सुरू झाला. दोघं पेटीवरच्या पत्र्याखाली अंग चोरून उभे राहिले. त्याने तिला लांबच्या धुराड्यांची एकेक करून ओळख करून दिली, एखाद्याने आपले नातेवाईक दाखवावेत तशी. हे कागद कारखान्याचं, सकाळी रुसतं. ते रंगवाल्यांचं, वाऱ्याचं तोंड बघून खोकतं. मग बोलता बोलता गाडी हवा ऑफिसच्या परवानगी विभागावर आली.

"तुमच्याकडे त्या चाळणीबाई आहेत ना," तो म्हणाला, "त्यांच्या हाताखाली काम करता तुम्ही?"

"रोजच," ती म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

बाईंना सगळे अर्जदार पाठीमागे 'चाळणी' म्हणतात, कारण त्यांच्या टेबलावरून खडा कधी खाली पडत नाही, अशी माहिती त्याने पुरवली. परवा तर त्यांनी कहर केला. नुसता एक स्वल्पविराम चुकला म्हणून आख्खा अहवाल परत.

"स्वल्पविराम नव्हता तो," ती म्हणाली. "दशांशचिन्ह होतं."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. त्याने तिच्याकडे बघितलं, मग कठड्यावरून खाली रस्त्याकडे बघितलं.

"इथून उडी मारली तर फार लागेल का?"

"चार मजले आहेत. पण आधी परवानगी लागेल."

एक वाजता ग्रंथपालांनी दार उघडलं तेव्हा हवा ऑफिसच्या अभियांत्रिकी आणि परवानगी विभागाच्या प्रमुख आणि एक काळ्या कानाचा माणूस पोट धरून हसत होते. ग्रंथपाल सभ्य गृहस्थ. ते आल्या पावली दोन पायऱ्या मागे सरले.

त्यानंतर त्याचे अहवाल येऊ लागले ते शेवटी एक ओळ जास्तीची घेऊनच. 'दशांशचिन्हे दोनदा तपासली आहेत.' एकदा तर, 'दशांशचिन्हे जागेवर आहेत, मोजणारा थोडा हलला आहे.' ती ती ओळ पेन्सिलीने खोडायची आणि फाईल बंद करून पुन्हा उघडायची. महिन्याच्या तपासणीला तिलाही गच्चीवर काही ना काही काम निघायला लागलं. तिथे पंधरा-वीस मिनिटं बोलणं व्हायचं – यंत्राचं, वाऱ्याचं, तिच्या बाबांच्या गुडघ्याचं, त्याच्या बहिणीच्या जुळ्यांचं – आणि निघताना दोघांपैकी एकजण काहीतरी विसरायचाच. कधी छत्री, कधी टोपी... मग परत वर यावं लागायचं.

त्यापुढे मात्र ती जात नव्हती. ज्याच्या कागदावर आपली सही होते त्याच्याशी हसावं, बोलावं, पण पाऊल उंबऱ्याच्या आत टाकू नये, हा नियम होता. ऑफिसच्या नियमांच्या पुस्तकातही होता आणि तिच्या मनातही. मनातला जरा जास्त कडक होता. घरी बाबा चेष्टा करायचे की आमची मुलगी लोकांना हवेत इमले बांधायची परवानगी देते, स्वतः मात्र जमिनीवरून हलत नाही. ती हसून टाळायची.

मग बिस्किट कारखान्याची फाईल आली.

त्या कारखान्याची जुनी भट्टी फार काळा धूर ओकायची. ती बंद करायची नोटीस तिनेच काढली होती. मालकीणबाईंनी न कुरकुरता गॅसवर चालणारी नवी भट्टी बसवली. ती कायमची चालवायला परवानगी हवी होती, आणि परवानगीसाठी धुराड्याची मोजणी. पाच आठवडे नव्वद कामगार घरी बसून होते. मोजणी केली होती त्यानेच. धूळ मर्यादेच्या निम्म्याहून कमी. सही केली की संपलं.

तिने पेनाचं टोपण काढलं आणि तिची नजर त्या तीन आकड्यांवर अडली. मोजणी नेहमी तीन वेळा करतात. अकरा पूर्णांक दोन. अकरा पूर्णांक दोन. अकरा पूर्णांक तीन.

धुराड्याचे आकडे भावंडांसारखे असतात. तोंडवळा सारखा, पण कुणी ठेंगणं, कुणी लंबू. इतके सारखे आकडे अकरा वर्षांच्या नोकरीत तिने दोनदाच पाहिले होते, आणि दोन्ही वेळा कुणीतरी खाली बसून एकदाच मोजून तीनदा लिहिलं होतं.

दुसऱ्या कुणाचा अहवाल असता तर पाच मिनिटांत परत गेला असता. ती अर्धा तास तशीच बसून राहिली. टोपण काढलेलं, शाई वाळत चाललेली. आणि त्या अर्ध्या तासात तिच्या लक्षात आलं, की आपलं काय झालंय ते. प्रेमात पडल्याचं असं फाईलवर डोकं ठेवून कळावं, हे काही तिने कधी कल्पिलं नव्हतं.

मग तिने पत्र लिहायला घेतलं. मोजणी पुन्हा करावी, कार्यालयासमोर करावी, आणि धुरातली धूळ ज्यांवर गाळली जाते ते कागद दुसऱ्या प्रयोगशाळेत वजन करून घ्यावेत. शेवटी नेहमीसारखं 'आपली विश्वासू' लिहिताना हात जरा थबकला.

दुसऱ्या दिवशी तो आला. कान स्वच्छ होते. खुर्चीवर बसला नाही. त्याच्या प्रयोगशाळेच्या मालकांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की आकडे वेगळे आले तर त्याच्या हातात नारळ. ते त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. मग विचारलं ते एवढंच.

"मी खोटं लिहिलं असं वाटतं तुम्हाला?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही खरं लिहिलंय असंच मला वाटतं... आणि नुसतं मला वाटतं म्हणून सही करायची नसते."

तो तिच्याकडे बघत राहिला. बाहेर टायपिंग थांबलं होतं, म्हणजे सगळा विभाग कान देऊन ऐकत होता. शेवटी त्याने मान हलवली आणि म्हणाला, "मंगळवारी, सकाळी आठला. वर वारा असतो. स्वेटर आणा."

मंगळवारी ती स्वतः वर चढली. तिच्या जागी कनिष्ठ अभियंता गेला असता, पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून तिचं समाधान झालं नसतं. लोखंडी शिडी पावसाने निसरडी झालेली, वर माणूसभर रुंदीचा जाळीचा कट्टा, आणि खालून मोजणीपुरत्या भाजल्या जाणाऱ्या बिस्किटांचा असा वास येत होता की भीतीतही भूक लागावी. त्याने तिच्या कमरेच्या सुरक्षा पट्ट्याचा हुक कठड्याला अडकवला, ओढून पाहिला. "घट्ट आहे," म्हणाला. तीन तासांत तेवढंच काय ते कामाबाहेरचं बोलणं. तो नळी आत सारायचा, ती घड्याळ धरून वेळ सांगायची. तिसऱ्या मोजणीला वाऱ्याने एकदम जोर धरला. तो काही न बोलता दोन पावलं सरकून तिच्या आणि वाऱ्याच्या मधे उभा राहिला, आणि नळीकडे बघत राहिला, जणू ती जागा मोजणीसाठीच सोयीची होती.

धुळीचे कागद सीलबंद होऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले. निकालाला आठ दिवस लागणार होते.

चौथ्या दिवशी तिला राहवेना. ती संचालकांच्या खोलीत गेली. संचालक म्हणजे मोठ्या बाई. निवृत्तीला सात महिने उरलेल्या, चष्म्यावरून बघायची सवय असलेल्या. तिने उभ्यानेच सांगितलं की त्या प्रयोगशाळेचे सगळे कागद आजपासून माझ्या टेबलावर नकोत, बिस्किटांच्या फाईलवरही शेवटची सही तुम्ही करा. मोठ्या बाईंनी कारण विचारलं.

"तिथे मोजणी करणारे जे आहेत... त्यांच्या बाबतीत माझं मन तटस्थ राहिलेलं नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "त्याला सांगितलंस?"

"नाही अजून."

"म्हणजे आधी कार्यालयाला कळवलंस." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "बरोबरच आहे. लेखी दे. आणि निकाल वाईट आला तर काय करशील?"

तिने कागद ओढून घेतला आणि लिहायला लागली. ते चार दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. बाबांनी दोनदा विचारलं की भाजीत मीठ कुणी दोनदा घातलं.

आठव्या दिवशी दुपारी पाकीट आलं ते थेट मोठ्या बाईंच्या टेबलावर गेलं. पाच मिनिटांनी त्यांनी तिला बोलावलं आणि कागद तिच्याकडे फिरवला. अकरा पूर्णांक तीन. अकरा पूर्णांक दोन. अकरा पूर्णांक तीन.

सोबत कारखान्याचा दोन ओळींचा खुलासाही जोडला होता. भट्टी गॅसची, दिवसभर एकच माल, आणि भट्टी सांभाळणारे मिस्त्री तीस वर्षांचे जुने. बिस्किटं भट्टीतून नेणाऱ्या पट्ट्याचा वेग ते तसूभरही बदलत नाहीत. धूर सारखाच निघणार. आकडे सारखे होते, कारण काम सारखं होतं.

तिचा जीव भांड्यात पडला. मोठ्या बाईंनी सही ठोकली, शिक्का मारला, मालकीणबाईंना स्वतः फोन लावला की उद्यापासून माणसं बोलवा. मग रिसीव्हर ठेवून म्हणाल्या, "तू अजून इथेच? तुझं काम ऑफिसच्या बाहेर आहे आता."

प्रयोगशाळा वीस मिनिटांच्या वाटेवर होती. ती चालत गेली, कारण बसमध्ये उभं राहून तिला धीर धरवला नसता. तो मागच्या अंगणातल्या नळावर काचेच्या नळ्या धूत होता, कोपरापर्यंत फेस. निकाल त्याला कळला होता. मालकांनी नारळाचं बोलणं विसरल्यासारखं करून त्याच्या पाठीवर थापही मारली होती. तरी तिला पाहून त्याचा हात थांबला.

तिने वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं शेवटचंच आधी तोंडातून बाहेर पडलं.

"आजपासून तुमच्या कुठल्याही कागदावर माझी सही होणार नाही."

त्याचा चेहरा पडला. "आकडे तर बरोबर आले ना? आता काय चुकलं माझं..."

"काही नाही. तुमचे कागद मी सोडले. चार दिवसांपूर्वीच, निकालाच्या आधी. लेखी कारण देऊन."

"कारण काय दिलंत?"

नळ वाहत होता. तिने पुढे होऊन तो बंद केला. एकदम इतकं शांत झालं की नळीवरून ओघळणारा फेससुद्धा ऐकू यावा.

"तुमच्या बाबतीत मन तटस्थ राहिलेलं नाही, असं."

हातातली नळी त्याने फार जपून, जणू ती फुटली तर हे वाक्यही फुटेल अशा बेताने, रॅकमध्ये उभी केली. मग ओले हात पुसायला काही सापडेना तेव्हा शर्टालाच पुसले.

"मी किती दिवस वाट बघत होतो," तो हळूच म्हणाला, "की माझं काम दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जावं. पण ते तुमच्याकडून मागायचं कसं? मागितलं असतं तर वाटलं असतं, काहीतरी लपवतोय."

"वाटलंच असतं," तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

"मग आता..." तो अडखळला. "कुठल्याच कागदावर नाही का? एखादा असा निघाला, ज्यावर आपल्या दोघांचीही सही लागेल... नोंदणीचा वगैरे?"

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. गेले आठ दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला होता.

"तो अर्ज घाईने करायचा नसतो," ती म्हणाली. "आधी माझ्या बाबांना भेट. मग बघू."

"भेट?" त्याने विचारलं. "भेटा नाही?"

"भेट," ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीवर राहिलेला फेस बोटाने पुसून टाकला.