आठवी 'ब'चं ग्लायडर

करोल बागेतल्या त्या दुकानात बाल्साच्या हलक्या लाकडाची एकच पातळ फळी उरली होती, आणि ती पुढच्या माणसाने लतिकाच्या डोळ्यांदेखत उचलली. तिने हिंदीत विनवून पाहिलं. तिच्या हिंदीतलं मराठी वळण ओळखून तो मराठीतच म्हणाला, "विमान कोण करतंय... तुम्ही?"

"आठवी 'ब'," ती म्हणाली. "मी नुसती त्यांची सायन्स टीचर."

बोलता बोलता तिने सगळं सांगून टाकलं. एप्रिलमध्ये शाळेचं प्रदर्शन होतं. मुलांनी केलेलं पुठ्ठ्याचं ग्लायडर हातातून सुटताच नाकावर आपटायचं, आणि पुस्तकातलं सगळं पाठ असूनही ते का आपटतं हे तिला कळत नव्हतं. तो हसला. त्याचं नाव उल्हास. सफदरजंगच्या ग्लायडिंग क्लबात तो नवशिक्यांना शिकवत असे. फळी त्याने तिच्या हातात ठेवली. अट एकच — ते उडताना त्याला बघायचं होतं.

मग दर शनिवारी तो शाळेच्या मैदानावर येऊ लागला. मुलांना तो सांगत काही नसे, करायला लावी. कागदाच्या पट्टीवरून फुंकर मारा, बघा ती वर उचलली जाते की नाही. मातीची गोळी नाकावरून थोडी शेपटीकडे सरकवा, ग्लायडर सोडा, पावलांनी अंतर मोजा, पुन्हा सरकवा. लतिकाही मुलांच्या ओळीत उभी राही. तिचं ग्लायडर हटकून बोगनवेलीत शिरे.

"पाडता मात्र सुंदर, लतिकाबाई," तो हळूच म्हणे.

"शिकवणाराच कच्चा," ती म्हणे — आणि डिंकाने चिकटलेली बोटं सोडवायच्या निमित्ताने खाली बघत राही. अठ्ठाविसाव्या वर्षी, पाच स्थळांनी नकार दिल्यावर, शनिवारची अशी वाट बघायची तिला लाज वाटे... पण ती बघे.

चैत्रात उल्हासच्या आईने, प्रभाबाईंनी, तिला हळदीकुंकवाला बोलावलं. बायका पांगल्यावर त्यांनी तिला स्वयंपाकघरात थांबवून घेतलं. उल्हासची बंगळूरला वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली होती; लतिकाला ते तिथेच कळलं. त्यांचा थोरला मुलगा श्याम असाच विमान चालवायला शिकायला गेला होता. घरी त्याचं फक्त घड्याळ आलं.

"मी सांगून थकले," प्रभाबाई म्हणाल्या. "तुझं तो ऐकेल. एवढं कर, आणि याच घरात ये."

छतावरून विमान गेलं तशा त्या गप्प झाल्या. आवाज पार विरेपर्यंत त्यांच्या हातातली वाटी हातातच राहिली.

त्या आठवड्यात लतिकाला जेवण गेलं नाही. शेवटी तिने ठरवलं, थांब म्हणायचं. तिला आयुष्याकडून हवं होतं ते सगळं त्या एका शब्दात मिळणार होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी ग्लायडर सुटलं, वाऱ्यावर तोलत मैदान ओलांडून थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं. मुलं ओरडत मागे धावली. लतिकाने उल्हासकडे पाहिलं. तो मान वर करून उभा होता, ओठ किंचित उघडे. ती शेजारी आहे हे तो साफ विसरला होता.

भानावर येऊन तो वळला. "आई बोलली ना तुझ्याशी? लतिका... थांब म्हण. मी नक्की थांबेन. मला तू हवी आहेस."

'बाई' पहिल्यांदाच गळलं होतं.

"थांबशील," ती म्हणाली, "आणि जन्मभर वर बघत राहशील."

"मग दोन वर्षं वाट बघ."

ओठांवर हो आलं होतं. पण हातात वाटी धरून थबकलेली ती बाई तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"माझं फार प्रेम आहे तुझ्यावर, उल्हास. म्हणूनच जमणार नाही. दारावरच्या प्रत्येक थापेला मी मरेन. तू जा."

मुलं ग्लायडर घेऊन परतली तेव्हा तो फाटकाबाहेर पडला होता.

तो बंगळूरला गेल्यावर आलेल्या रविवारी लतिका प्रभाबाईंकडे गेली. त्यांनी दार अर्धवट उघडलं.

"का नाही थांबवलंस?"

लतिकाने जिन्याचा कठडा धरला.

"मग आता कशाला आलीस?"

"घरी कुणाला सांगता येत नाही," ती म्हणाली. "मला रडायला जागा नाही."

प्रभाबाईंनी तिला आत ये म्हटलं नाही. दारही लावलं नाही. त्या उंबरठ्याच्या आत बसल्या, ही बाहेर जिन्यावर. आणि एकमेकींकडे न बघता दोघी रडल्या.