दुसरा गळ

अणदूरच्या उत्तरेश्वरची पिठाची गिरणी रविवारी दुपारनंतर बंद असायची. तेवढ्या वेळात तो माळाखालच्या तलावावर गळ टाकून बसायचा. वर्षभर त्याला एकाच कटल्याचं वेड लागलं होतं. पाण्यावर उलटला की त्या माशाची पाठ गूळ उकळायच्या काहिलीएवढी दिसायची.

गांडूळ झालं, मैद्याचा गोळा झाला, पिकलं केळं झालं. कटला जवळ यायचा, वास घ्यायचा नि निघून जायचा. म्हणून त्या रविवारी त्यानं शेंगदाण्याची पेंड भाजून, तिच्यात ज्वारीचं पीठ आणि कुटलेली बडीशेप घालून नवा चारा मळला होता.

तलावाचा म्हातारा राखणदार वीरप्पा बांधावर बसला होता. त्याचा वरचा ओठ मधोमध फाटलेला; बोलताना शब्दांतून वारा निसटायचा.

"उत्तरेश्वरा, त्या बाभळीखाली नगं बसू."

"का वो मामा? मासा तर तिथंच हाय."

"हाय की. पर इथं गळ टाकणारा तू एकलाच न्हाईस."

उत्तरेश्वरनं सगळा काठ न्याहाळला. कुणी नव्हतं. एकट्यानं राहून म्हाताऱ्याला असं होत असेल, असं मनाशी म्हणून तो बाभळीखालीच बसला.

ऊन उतरलं. वारा पडला. पाण्यावर आलेल्या शेळ्या पाण्याला तोंड न लावताच माघारी फिरल्या. शेवाळाच्या वासात हळूहळू दुसराच वास मिसळला, तुपाचा आणि वेलदोड्याचा. गळाच्या दोरीवरचं बूच बुडालं, अगदी हलकं. त्यानं दोरी ओढली. पेंडीचा गोळा नव्हता. त्याच्या जागी पुरणाचा गोळा होता.

कुणीतरी नैवेद्य सोडला असेल, तोच अडकला असेल, अशी त्यानं समजूत घातली. पुरण झटकलं, नवा चारा लावून पुन्हा गळ टाकला.

या वेळी वर आला तो तळलेल्या माशाचा तुकडा. काळ्या मसाल्यात घोळलेला, कडा कुरकुरीत. त्यानं तो बोटांत धरला. तुकडा गरम होता. पाण्यातून आलेला, आणि वाफ निघत होती...

तरी तोंडाला पाणी सुटलं. हात आपसूक ओठांकडं गेला. जिभेच्या टोकाला काहीतरी टोचलं. तुकड्याच्या आत आणखी एक गळ होता, काळा, गंजका. त्याची दोरी खाली पाण्यात गेलेली. ती हळूहळू ताठ होत होती.

सगळं तिथंच टाकून तो बांधावर पळत आला. वीरप्पानं काही विचारायच्या आधी त्याची हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं आणि आत पाहिलं.

"गिळलं का?"

"न्हाय... नुसतं जिभंला लागलं."

"म्या बी गिळलं न्हवतं," म्हातारा फाटक्या ओठावरून बोट फिरवत म्हणाला. "वठ फाडून सुटलो."

"आन्... गिळलं तर?"

वीरप्पा तलावाकडं पाठ करून चालू लागला.

उत्तरेश्वर घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. घरभर तळलेल्या माशाचा वास होता. त्याची बायको राजेश्वरी ताट उचलत होती.

"लई चवीचा कटला गावला म्हणायचा," ती म्हणाली. "तुमी ज्याच्या हाती धाडला, तो माणूस नखशिखांत भिजलेला हुता. तळ्यावरच तळलाय, गरम हाय तवर खा म्हणला."

उत्तरेश्वरनं तिच्या हातातलं ताट हिसकावून घेतलं. "खाल्लास?"

"एकच तुकडा. घशात काटा अडकलाय जनू."

त्यानं कोरड्या भाकरीचा घास तिच्यापुढं धरला. तिनं तो गिळला. मग तिची हनुवटी सावकाश वर झाली.

"काटा न्हाय वो... आतनं कुणीतरी ओढतंय."

तिची पावलं दाराकडं वळली. त्यानं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं, चौकटीला पाय लावला. बराच वेळ कुणीच हललं नाही. मग ओढ एकदम थांबली. राजेश्वरीनं भरून श्वास घेतला, कसनुसं हसली.

"गेलं बघा."

उत्तरेश्वरनं मनगट सोडलं नाही. मोठा मासा लागला की तो एकदम ओढत नाहीत. आधी ढील देतात, दमू देतात.

बाहेर सारवलेल्या अंगणात, उंबऱ्यापासून फाटकाकडं, एक बारीक ओली रेघ उमटत चालली होती.