झिराडकरांची मगिला

"उन्हातून आलात, चहा तरी घ्या," इमराननं कप पुढं सरकवला.

"नको, आज उपवास आहे," पाहुणा म्हणाला. "दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि मावळल्यावर जे वाचायचं, तेच चोरीला गेलंय."

दैवशाला खरातनं हातातलं काम बाजूला ठेवलं. नवीन जालन्यात एका बियाणाच्या दुकानावर तिचं एका खोलीचं ऑफिस होतं. लग्नाआधीच्या चौकश्या, चोरीच्या गाड्या, अशी कामं जास्त. इमरान तिला मोटारसायकलवर न्यायचा, फोटो काढायचा आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

पाहुणा योसेफ झिराडकर, ठाण्याचा. बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा यहुदी. वडील बिन्यामिन रेल्वेच्या नोकरीत जालन्याला आले आणि इथलेच होऊन गेले.

"आज रात्री पुरीम लागतो. आमची जुनी माणसं त्याला होळीचा सण म्हणायची. एस्तेर राणीनं आमच्या लोकांना कत्तलीतून वाचवलं, ती कथा वाचायची. चामड्यावर हातानं लिहिलेली गुंडाळी असते, तिला मगिला म्हणतात. आमची पणजोबांपासूनची होती. आज सकाळी कपाटात नाही."

"पुस्तकातून वाचली तर?" दैवशाला म्हणाली.

"नाही चालत. पाठ म्हटलेलीही नाही चालत. गुंडाळीवरूनच वाचायची आणि ऐकणाऱ्यानं शब्द न्‌ शब्द ऐकायचा."

"मंग फोनवर कुणी ऐकवली तर?" इमराननं विचारलं.

"बाबा मानत नाहीत. यंत्रातला आवाज हा माणसाचा आवाज नव्हे, म्हणतात."

"वाचतं कोण?" दैवशालानं विचारलं.

"बाबाच. तसं कुणीही वाचू शकतं. लहान मूल, भ्रमिष्ट आणि बहिरा एवढे सोडून. पण मला ती लिपी येत नाही. आईला येते, पण तिला दोन वाक्यांत दम लागतो." योसेफनं समोरचा कप बाजूला सारला. "डॉक्टर म्हणाले, तिचा हा शेवटचा पुरीम. म्हणून आलो तुमच्याकडे."

झिराडकरांचं घर स्टेशनजवळ होतं. पुढच्या खोलीत बिन्यामिनकाका दाराकडं तोंड करून खुर्चीत बसले होते.

"काका, कपाट शेवटचं कधी उघडलं होतं?" इमराननं विचारलं. धुळीसाठी बांधलेला रुमाल अजून त्याच्या तोंडावरच होता.

म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला. "आधी तो रुमाल सोड बाबा. घरात कसली आलीय धूळ?"

इमराननं रुमाल सोडून पुन्हा विचारलं.

"काल सकाळी. तेव्हा होती."

कपाट त्यांच्या पाठीमागं होतं. दैवशालानं वाकून कुलूप पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. "किल्ली कुणाकडं असते काका?" तिनं तिथूनच विचारलं.

काका खिडकीबाहेर बघत राहिले. बिचाऱ्याचं चित्तच थाऱ्यावर नाही, इमरानला वाटलं. दैवशाला समोर येऊन उभी राहिली, पुन्हा तेच विचारलं. काकांनी कमरेच्या करगोट्याची किल्ली दाखवली.

"ही आंघोळीलाही काढत नाही मी."

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी, तिसरी. काकांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच होती, पण ते हलले नाहीत. मागच्या अंगणातून एक बाई हात पुसत पळत आली.

"अव काका, गॅस तरी बंद करायचा! डाळ लागली की सगळी!"

काका तिच्याकडं बघून ओशाळं हसले.

ती बेबीनंदा. योसेफच्या आईचं, मिल्काबाईंचं, आजारपण तीच काढत होती. दैवशालानं विचारताच तिचा आवाज चढला.

"म्या चोर दिसून राह्यले का तुमाला? योशीभाऊला इचारा. मागल्या खेपेला तेच म्हनत व्हते, गुंडाळी ठाण्याला नेतो म्हनून!"

योसेफ लाल झाला. "सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात, सुरक्षित राहील म्हणून म्हणालो होतो. बाबा नको म्हणाले, विषय संपला."

इमरानचा योसेफवरचा संशय पक्का झाला.

आतल्या खोलीत मिल्काबाई उशांना टेकून होत्या. आवाज बारीक, पण स्वच्छ.

"गुंडाळीचं सोडा, बाई. माझा माणूसच हरवलाय. दिवा मालवला की मी यांना एकच विचारते. तेवढंच विचारायचं राहिलंय. पण हे हूं की चूं करत नाहीत. दिवसा मात्र माझ्याकडं बघून हसतात."

"मग दिवसा का नाही विचारत?"

"चार माणसं असतात घरात. असलं काही माणसांत बोलवत नाही." त्यांना दम लागला. "मी आजारी पडले, त्याचा राग आला असेल त्यांना."

अंगणात येताच इमरान कुजबुजला, "पोरगाच आहे, ताई. बिलकुल पक्कं."

"कुलूप उघडलं, गुंडाळी काढली, पुन्हा कुलूप लावलं. इमरान, त्याला किल्ली लागते."

"किल्ली तर काकाच्या कमरेला... म्हंजे काका? सोताच्याच घरात? कशासाठी?"

ती उत्तर न देता आत गेली. सगळ्यांना मिल्काबाईंच्या खोलीत बोलावलं आणि काकांच्या अगदी समोर बसून सावकाश बोलू लागली.

"काका, मगिला तुम्हीच काढून ठेवलीत. किल्ली तुमच्याशिवाय कुणाकडंच नव्हती. कारण मात्र मला कळत नव्हतं. इमरान रुमालाआडून बोलला, तेव्हा तुम्ही त्याला तोंड उघडं करायला लावलंत. मी पाठीमागून विचारलं, उत्तर नाही. समोर आले, उत्तर मिळालं. कुकर कानाशी शिट्ट्या देत होता आणि तुम्ही शांत बसला होतात. तुम्ही आमचं ऐकत नाही, आमचे ओठ वाचता. तुम्हाला ऐकू येत नाही."

योसेफ उठून उभा राहिला. काका मान खाली घालणार होते, पण घातली नाही. घातली असती, तर पुढचं कळलं नसतं.

"तुम्ही आज वाचलं असतं, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण बहिऱ्यानं वाचलेली मगिला दुसऱ्यासाठी वाचलेली ठरत नाही. काकूंच्या शेवटच्या पुरीमला तुम्हाला त्यांना फसवायचं नव्हतं. आणि खरं सांगण्याची छातीही होत नव्हती. मग गुंडाळीच नाहीशी झालेली बरी."

"दिवाळीनंतर जायला लागलं," काका म्हणाले. "आधी पाखरं गेली. मग गाडीची शिट्टी. शेवटी हिचा आवाज." त्यांचा स्वतःचा आवाज भलताच मोठा झाला होता. "ही जाऊन राह्यली, अन्‌ मी हिला काय सांगू, तुझा आवाज आधीच गेला म्हणून?"

मिल्काबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. "म्हणजे मी रोज अंधारात विचारत होते, ते..."

"काय विचारत होतीस?"

त्यांनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं. बेबीनंदा जायला निघाली, तिला त्यांनी खुणेनं थांबवलं. मग नवऱ्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं.

"माझ्यामागं योशीकडं जाल ना? एकटे राहणार नाही ना इथं?"

काकांनी मान हलवली. मग त्यांना हुंदका आला, तो आवरेना. इमरान भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

थोड्या वेळानं काकांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. मिल्काबाईंनी आपल्या शेवटच्या दिवसासाठी धुऊन ठेवलेली पांढरी वस्त्रं तिच्यात होती. मगिला त्यांच्या घडीत होती.

"पण आता वाचणार कोण?" योसेफ म्हणाला.

काकांनी गुंडाळी बायकोच्या मांडीवर ठेवली. "बाईवरही हे तेवढंच बंधन आहे. तू वाच."

"एवढा दम कुठाय मला?"

"थांबत थांबत वाचलं तरी चालतं. क्रम तेवढा मोडायचा नाही."

दिवस मावळून अंधार झाल्यावर मिल्काबाईंनी वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या की थांबायच्या. बेबीनंदा पाठीला उशी लावायची. काका दोन्ही हातांनी चामडं ताणून धरत होते, पण नजर अक्षरांवर नव्हती, तिच्या तोंडावर होती. दाराशी उभ्या असलेल्या इमरानला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तरी तो शेवटपर्यंत हलला नाही.

महिन्याभरानं येणारा पेसाखचा सण यायच्या आतच मिल्काबाई गेल्या.

पुढच्या पुरीमला योसेफचा ठाण्याहून फोन आला. इमराननं उचलला आणि दैवशालालाही ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"बाबा आले होते काल सिनेगॉगमध्ये. शेवटच्या बाकावर बसले. कथेत हामान नावाचा दुष्ट प्रधान आहे. त्याचं नाव आलं की आम्ही सगळे जोरजोरात पाय आपटतो. बाबांना ऐकू येत नाही, पण फरशी हादरते ना, ती पायाला कळते. मग तेही आपटतात. सगळ्यांचं थांबलं, की त्यांचा एकट्याचा आवाज येतो."

इमराननं फोन दैवशालाच्या आणखी जवळ सरकवला.

"कुणी हसलं नाही. वाचणारे आजोबा थांबले त्यांच्यासाठी. आणि मगच पुढचा शब्द घेतला."