बिनसैनिकांचा ताबा

वेलंग बेटावर शत्रूचा एकही सैनिक कधी उतरला नव्हता, आणि तरीही शत्रूच्या परवानगीशिवाय तिथलं पान हलत नव्हतं. बंदरातल्या मचव्यांची इंजिनं सुरूच होत नसत. दवाखान्यात वीज शत्रूच्या मुख्यभूमीवरून ठरेल तेवढाच वेळ येई. चार माणसं जमून तावातावाने बोलू लागली, की त्या आळीतले नळ कोरडे पडत. फोन मात्र चालू होते. माणसं काय बोलतात ते त्यावरून कळत असे.

भार्गवी ओगले युद्धकायद्याची निरीक्षक होती. हे बेट 'व्याप्त प्रदेश', म्हणजे शत्रुसैन्याच्या ताब्यातला मुलूख आहे का, एवढंच पाहून तिने आंतरराष्ट्रीय लवादाला कळवायचं होतं. पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेल्यांची ही वस्ती, म्हणून मराठी जाणणारी भार्गवी निवडली गेली. शत्रूने तिला येऊ दिलं, म्हणून तिची बोट चालली.

जनार्दन केळस्कर बेटावरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी खिडकीवरून बोट फिरवून तिच्यापुढे धरलं. बोटाला करडी भुकटी लागली होती.

"ही नेत्रधूळ. विमानातून फवारली. प्रत्येक कणाला एक डोळा, एक कान आणि शेजारच्या कणाला निरोप देण्यापुरती अक्कल. एकटा कण अगदी बावळट. पण मुंग्या मिळून वारूळ चालवतात ना, तसे हे सगळे मिळून बेट चालवतात."

"इंजिनं कशी बंद पडतात?"

"कण इंजिनात, पंपात, स्विचमध्ये जाऊन बसलेत. तिकडून हुकूम आला की एकमेकांना घट्ट चिकटतात. दुसरा हुकूम आला की सुटतात."

"धुऊन काढता येत नाहीत?"

"धुवायला पाणी कोण सोडणार?"

चहा घेऊन आलेली त्यांची मुलगी वेणू तिथेच टेकली. लहानपणापासून ती इन्शुलिनवर होती, आणि बेटावरचा साठा संपत आला होता.

"ताबा सिद्ध झाला, तर तुमच्या अन्नाची, औषधांची जबाबदारी ताबा घेणाऱ्यावर पडते," भार्गवी म्हणाली. "कायदा याबाबतीत स्वच्छ आहे."

"मग सिद्ध करा ना, ताई."

भार्गवीने जीव तोडून प्रयत्न केला. पण कायदा लिहिला गेला तेव्हा ताबा म्हणजे चौकात उभा असलेला बंदूकधारी, हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. लवादाच्या अध्यक्षांनी तिचं म्हणणं फोनवर शांतपणे ऐकून घेतलं.

"धूळ म्हणजे सैन्य नव्हे, ओगलेबाई. हुकूमत चालवणारा माणूस तिथे कुठे दिसला का?"

"माणूस पलीकडे बसलाय, साहेब. ताबा इथे आहे."

"मलाही ते दिसतंय. पण कायद्याची व्याख्या बदलायची तर सगळ्या राष्ट्रांची संमती लागेल, आणि त्याला वर्षं जातील. आज मला एक तरी सैनिक दाखवा."

तिने हे केळस्करांना सांगितलं.

तिच्या निघण्याच्या दिवशी गावकरी तिला शाळेत घेऊन गेले. एक वर्ग रिकामा केला होता. आत खाट होती, वर वेणूने कोरी चादर अंथरली होती. बाजूला पाण्याचा माठ, टेबल, आणि भिंतीला टोपी अडकवायला खुंटी.

"त्यांना म्हणावं, एकच सैनिक पाठवा," केळस्कर खाली बघत म्हणाले. "बंदुकीसकट आला तरी चालेल. आमच्याकडून त्याला काही त्रास होणार नाही."

भार्गवीने मान हलवली.

मुख्यभूमीवर उतरताच ती शत्रूच्या लष्करी कचेरीत गेली. तिथली अधिकारी तरुण होती, नम्र होती. निरोप ऐकून तिला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

"परक्याच्या भूमीवर सैनिक उतरवणं म्हणजे आक्रमण, बाई. आमच्या सरकारला ते कधीच मान्य होणार नाही."

"आणि तिथली माणसं?"

"त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. पण ती आमच्या ताब्यात नाहीत."

भार्गवी पायऱ्या उतरत होती तेवढ्यात फोन वाजला. वेणू होती. आवाज थकलेला, तरी उत्सुक.

"ताई, कधी येतोय तो? जेवणाचं बघायला हवं."

"नाही येणार, वेणू."

वेणूने हळूच विचारलं, "आमचं काही चुकलं का?"