ईराचे सुळे

मूल सहा वर्षांचं व्हायच्या आत दंतांकुर काढावा लागे. त्यामुळे रत्नागिरीतल्या डॉ. फरहाना मुकादम यांच्या दवाखान्यात बाकांवर बसलेली सगळी मुलं पाच-साडेपाच वर्षांची होती. शेजारी त्यांचे टक्कल पडलेले आईबाप.

मृदुला पेडणेकरच्या डोक्यावर चाई पडत पडत शेवटी भुवयाही गेल्या होत्या. ती ईराला घेऊन आली खरी, पण तिला बसवत नव्हतं. आत बोलावल्यावरही ती उभीच राहिली.

"दाताचा आणि केसाचा संबंध काय, डॉक्टर?"

"सख्खी भावंडं ती. गर्भात वरची त्वचा आत दुमडते. तोंडात दुमडली की दात, डोक्यावर दुमडली की केस. दातावर कठीण एनॅमल चढवणारं प्रथिन केसांची झोपलेली मुळंही जागी करतं. फक्त ते रक्ताच्या नात्यातलं लागतं. हिरडीत दडलेला पक्क्या सुळ्याचा कोंब, म्हणजेच दंतांकुर, ते याच वयात बनवतो."

"प्रयोगशाळेत नाही बनवता येत?"

"येतं. पण त्याने उगवलेले केस महिन्याभरात गळतात."

"आणि हिचे सुळे?"

"ते मग कधीच येत नाहीत." डॉक्टरांचा हात नकळत स्वतःच्या जाड वेणीवर गेला. "माझ्या अयानने दिले. विचारल्याबरोबर हो म्हणाला. या वयात कुठलं मूल आईला नाही म्हणतं?"

ईरा केव्हाच खुर्चीत चढून आ वासून बसली होती. लग्नसमारंभात पदर सरकला की वळणाऱ्या नजरा मृदुलाला आठवल्या. तरी तिने ईराला उचललं.

"नको, डॉक्टर."

रिक्षात ईरा हमसून रडू लागली. ती घाबरली असेल असं वाटून मृदुलाने तिला जवळ घेतलं.

"आता कुणी काही काढणार नाही हं."

"पण मला द्यायचे होते! सान्वीच्या आईने घेतले, कबीरच्या बाबांनी घेतले. तुला माझेच नकोत!"

मृदुलाने तिला नाना परींनी समजावलं. पुढे ईराचं सहावं सरलं, तशी मृदुलाची घालमेल थांबली.

बाराव्या वर्षी ईराचे सुळे आले, पांढरेशुभ्र, टोकदार. वर्गात सुळे असलेली ती एकटीच. ती हसताना तोंडावर हात धरू लागली. एकदा मृदुलाने तो हात हलकेच खाली घेतला.

"किती छान दिसतात गं!"

ईराने तिच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं.

"अजून चालत असतील तर काढून घे ना, आई."