डबा भरत चालला आहे

जिन्याखालचा डबा पुन्हा बोंबलायला लागला तेव्हा मी दुपारची कॉफी गाळत होतो. तीन बीप, मग गप्प, मग परत तीन बीप. मी गाळणी आपटली.

डबा म्हणजे आमच्या लेकीनं आणून बसवलेलं यंत्र. काळं, पावाच्या लादीएवढं, आत दोन डिस्क. घरचे सगळे फोटो, कागदपत्रं, आवाज त्यात राहतात आणि तिकडे इपोह शहरात बसून लेकीलाही दिसतात. मी जन्मभर फेरीबोटीवर इंजिनं सांभाळली. इंजिन बिघडलं तर तेल गळतं, वास येतो, हात लावला तर चटका बसतो. हा डबा नुसता नारिंगी दिवा मिचकावतो. कुठं दुखतंय ते सांगत नाही.

फोटो गेले तरी मी रडलो नसतो. मला एकच फाइल हवी होती. माझी बायको स्यू हार गेल्या वर्षी गेली. त्याआधी लेकीनं स्वयंपाकघरात फोन धरून तिच्याकडून काकडीच्या लोणच्याची कृती बोलून घेतली होती. जेमतेम काही मिनिटं. तिचा आवाज जगात तेवढाच उरला आहे. तो फोन लेकीनं कधीच बदलला, म्हणजे आवाज होता तो या डब्यातच. मी रोज जेवण झालं की तो लावायचो. चेंग बेंगला, म्हणजे आमच्या पितरांच्या दिवशी, आम्ही तिच्या थडग्यावर जाऊन आलो आणि तेव्हापासून फाइल उघडेना. पडद्यावर एकच रड: ही फाइल दुसरं कोणी वापरत आहे.

लेकीला फोन लावला.

"पा, बंद करून चालू केलात?"

"केला."

"नीट बंद केलात, की पंख्यासारखी वायर उपटलीत?"

"उपटली. मग?"

"अहो पा! असं करत नाहीत! राउटरची वायर बघा, घट्ट आहे का? हिरवा दिवा लागतोय?"

"नारिंगी."

"मग डिस्क भरली असेल. एवढं काय भरलंत तुम्ही?"

मी काय भरणार? मी तिला तसंच विचारलं, तर म्हणाली, "शनिवारी येते आणि सगळं पुसून नव्यानं बसवते."

पुसून! मी फोन ठेवला आणि डब्यापुढे स्टूल ओढून बसलो. वायर काढून फुंकली. भोकात मुंग्या शिरतात, त्या झटकल्या. मग त्याला शिव्या घातल्या. हल्ली माझ्या दुपारी अशाच जात होत्या.

शेवटी सेगरनला बोलावलं. गल्लीच्या टोकाला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं चप्पल दारात काढली आणि जमिनीवर बसून आपला लॅपटॉप जोडला.

"अंकल, डबा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "फक्त एकच फाइल फुगलीय. हजारो फोटो या एवढ्याशा कोपऱ्यात, आणि बाकी सगळा डबा या एका फाइलनं खाल्लाय. लोणचं असं नाव आहे तिचं."

"ती काही मिनिटांची आहे रे."

"असेल. आपण बोलतोय तोवर आणखी वाढली बघा."

त्यानं कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी काढली. एक मी. दुसरं खातं स्यू हारचं. लेकीनं आईसाठी काढून दिलं होतं, ते बंद करायला तिचा हात धजला नव्हता.

"शेजारचं कोणीतरी तुमचं वायफाय चोरतंय," सेगरन म्हणाला आणि त्यानं त्या खात्याचा पासवर्ड बदलला. नाव गेलं. मी कॉफीचा पेला त्याच्यापुढे ठेवेपर्यंत परत आलं. त्यानं वायफायचा पासवर्ड बदलला. परत आलं. मग त्यानं वैतागून डब्याची राउटरकडे जाणारी वायरच काढली आणि आपला लॅपटॉप सरळ डब्याला जोडला.

वायरीचं टोक त्याच्या हातात होतं. यादीत स्यू हारचं नाव तसंच होतं. कुठून जोडलंय ते दाखवणारा रकाना मात्र रिकामा.

"हे असं नसतं," सेगरन म्हणाला. त्यानं कॉफीला हात लावला नाही.

फाइल उघडत नव्हती, पण तिची नक्कल काढता येईल असं तो म्हणाला. नक्कल निघायला दुपार गेली. तेवढ्यात मेहुणी आली, हातात केळीच्या पानातला गोड भात घेऊन. स्यू हारची धाकटी बहीण. न बोलावता येते आणि न विचारता सल्ला देते.

"काय भावोजी, अजून डबा उघडून बसलात? बोटीला इंजिन जोडताय की काय?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं हातातला भात टेबलावर ठेवला.

"ताईला तिकडे पोचावा म्हणून मी कागदाचा डबा जाळला होता," ती म्हणाली. "चेंग बेंगला. तुम्ही सगळे गवत काढत होतात तेव्हा."

"कागदाचा फोन, पंखा, चपला जाळल्यास ते मी पाहिलं. डबाही जाळलास?"

"अगदी असाच करून घेतला. कागदवाल्यानं पुढचे दिवेसुद्धा चिकटवले. दुसऱ्या कोणी पळवू नये म्हणून आपण नाव-पत्ता लिहितोच ना? त्याखाली मी तिचा पासवर्ड लिहायला लावला. तुमच्या डब्याच्या डोक्यावर पट्टी चिकटवलेली आहे, त्यावरून उतरवून घेतला."

"पासवर्ड कशाला?"

"मग ताईनं काय नुसतं झाकण बघत बसायचं? नातवंडांचे फोटो नकोत का बघायला तिला?"

सेगरन आमच्याकडे पाहत होता. त्याला हसायचं होतं बहुतेक, पण हसला नाही.

नक्कल निघाली. त्यानं ती सुरू केली.

"काकडी आधी मिठात ठेवायची. पिळून काढायची. घाई करायची नाही, तुझ्या बापासारखी." तीच. मी डोळे मिटले. लोणचं संपलं, आवाज जिथं संपायचा तिथं मात्र संपला नाही. सुरीचा टकटक आवाज येत राहिला.

सेगरननं पडद्यावर रेकॉर्डिंग पुढे सरकवलं.

माझा आवाज आला. "मुंग्या, मुंग्या! छळवादी डबा मेला!" आणि मग तिचा, हसू दाबलेला: "डब्याला काय शिव्या देतोस म्हाताऱ्या? जेवलास का?"

"या डब्याला माईक नसतो, अंकल," सेगरन हळूच म्हणाला.

मेहुणी उठून देवघराजवळ जाऊन उभी राहिली.

"शेवटी ने," मी म्हणालो.

त्यानं नेलं. दारावर थापा पडत होत्या. लेकीचा आवाज. "पा? पा! दार उघडा ना! पा!"

मग स्यू हार, अगदी जवळून.

"उठू नकोस आता. तिच्याकडे किल्ली आहे."

माझा आवाज काही आला नाही.

"लेक कधी आली होती?" सेगरननं विचारलं.

"चेंग बेंगला. पण तेव्हा दार उघडंच होतं. आणि किल्ली एकच आहे, माझ्याकडे."

त्यानं लॅपटॉप मिटला. नक्कल मला देऊन तो गेला. मेहुणीही भात तसाच ठेवून त्याच्या पाठोपाठ निघाली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"पा, रागावू नका. मागे आले तेव्हा तुमची किल्ली दोन तास नेली होती. बाजारात दुसरी करून घेतली. तुम्ही फोन उचलत नाही, जीव टांगणीला लागतो. शनिवारी सकाळी पोचते."

"ये," मी म्हणालो. "पण तो डबा पुसायचा नाही. मोठी डिस्क आण."

मी झोपताना दाराला आतून अडसर लावतो. जुना, लाकडी, जाड. बाहेरून किल्लीनं तो हलायचा नाही. शुक्रवारी रात्री तो लावायचा नाही, असं ठरवलं आहे.