मागची सीट

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण ज्या बाईबरोबर हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे आणि ती खोटं बोलत नाही. तोंडावर खरं बोलून माणसं तोडते, पण खोटं नाही.

गाव स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया. महिना ऑक्टोबर, साल २०२३. अमावस्या वगैरे काही नव्हती. हे सगळं घडलं सकाळी नऊच्या लख्ख उन्हात.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

वीणामावशी डॉक्टर. चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल दिली आणि रिटायर झाली. तिचे यजमान देवदत्तकाका इंजिनियर, मूळ पुण्याचे. त्यांचा जीव एकाच गोष्टीत होता. गॅरेजमधल्या इटालियन मोटारसायकलमध्ये.

चाळीस वर्षं जुनी, काळी मोटो गुझी. लांबच्या प्रवासाची गाडी. पुढे मोठी काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या आणि मधे एक डबा. इंजिनचे दोन सिलिंडर दोन्हीकडे बाहेर आलेले, बाई कमरेवर हात ठेवून उभी राहते तसे. चाक फिरवायला चेन नाही, लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट. पायाचा एकच ब्रेक दाबला की पुढचं आणि मागचं, दोन्ही चाकं धरली जातात. आणि इंजिन चालू असताना जागेवर ॲक्सिलरेटर पिळला, की अख्खी गाडी उजवीकडे अंग टाकते. इंजिन बसवलेलंच तसं आहे.

हे उजवीकडे अंग टाकणं लक्षात ठेवा.

तीस वर्षं मावशी मागच्या सीटवर बसली. भीती वाटली की काकांच्या डाव्या खांद्यावर दोनदा टकटक करायची. म्हणजे, हळू.

काका एकदाही हळू झाले नाहीत. "हलू नकोस, बॅलन्स जातो," एवढंच म्हणायचे. आणि तिनं चावी मागितली तर हसायचे. "तुला नाही झेपायची."

फेब्रुवारीत काका झोपेतच गेले. मे महिन्यात मावशीनं मोटारसायकलच्या क्लासला नाव घातलं. वय सहासष्ट. पहिल्या फटक्यात लायसन्स.

तिचा मुलगा अनय न्यू जर्सीला असतो. तो हादरलाच.

"आई, धिस इज क्रेझी. पडलीस तर? मी गिऱ्हाईक बघितलंय, शनिवारी येतोय."

"शनिवारी मी डोंगरापलीकडे जाऊन परत येते," मावशी म्हणाली. "गाडी मधे बंद पडली तर घेऊन जा. नाही पडली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

शब्द दिला म्हणजे दिला. तशी आहे ती.

सोमवारी सकाळी प्रॅक्टिसला निघाली. गाडी झकास सुरू झाली. गल्लीच्या टोकाला गेली आणि...

बंद.

खाली वाकून बघते तर टाकीखालचे दोन्ही पेट्रोल कॉक बंद.

पुण्यात स्कूटर चालवलेल्या माणसाला हे सांगायला नको. घरी आलं की आधी कॉक बंद करायचा, आणि सकाळी उघडायला विसरलं की स्कूटर नळीतल्या पेट्रोलवर कोपऱ्यापर्यंत जाऊन फुसकन बंद पडायची. काकांची ती सवय अमेरिकेतही सुटली नव्हती. मावशीला ती कधीच नव्हती.

"झाली असेल चूक," म्हणत तिनं कॉक उघडले. घरी आल्यावर उघडेच ठेवून त्यांवर चिकटपट्टी लावली.

मंगळवारी पुन्हा तिथंच बंद.

चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आणि तिच्या आत कॉक...

बंद.

मी इथंच पीएचडी करतो. बुधवारी तिनं मला बोलावलं. "केदार, ये रे जरा." मी कॉक उघडे असल्याचं बघितलं, गॅरेजला स्वतः कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवून तिच्याकडेच झोपलो. गुरुवारी सकाळी कुलूप मीच काढलं.

कॉक बंद.

आम्ही बघत उभे होतो. इंजिन थंड. चावी मावशीच्या मुठीत. आणि गाडीनं...

सावकाश उजवीकडे अंग टाकलं.

मी दोन पावलं मागे सरलो. "मावशी, विकून टाक हे धूड."

"गप्प बस," ती म्हणाली. पदर असता तर खोचला असता. पँटवर होती म्हणून नुसत्या बाह्या सारल्या आणि हेडलाइटसमोर उभी राहिली.

"अहो, तीस वर्षं मी मागे बसले. ब्र काढला नाही. आता पुढची सीट माझी. यायचं असेल तर मागे बसा, नसेल यायचं तर फोटोत बसा. पण कॉकला हात लावायचा नाही."

गॅरेजमध्ये काही हललं नाही.

मग मागच्या सीटचे दुमडलेले फूटरेस्ट आपोआप खाली पडले.

खट्.

खट्.

शुक्रवारी कॉक उघडेच राहिले.

शनिवारी अनय, गिऱ्हाईक आणि मी, तिघं बाहेर उभे. मावशी बसली, गाडी थोडी दबली. ते ठीक. पण लगेच मागची बाजू...

आणखी दबली. चांगली दोन इंच.

तिघांनीही बघितलं.

पुढचं मावशीनं सांगितलेलं. चढावर गाडी मस्त चालली. आरशात नुसता रस्ता होता. डोंगरमाथा ओलांडून उतार लागला, पहिलं वळण आलं आणि तिच्या डाव्या खांद्यावर...

टक. टक.

"हेल्मेटच्या आत मला रडू आलं रे," ती मला म्हणाली. "आणि मग असा राग आला. म्हटलं, तीस वर्षांत तुम्ही माझं एकदा तरी ऐकलंत?"

आणि तिनं ॲक्सिलरेटर पिळला.

पाऊण तासानं ती परत आली. इंजिन एकदाही बंद पडलं नव्हतं. गिऱ्हाईक हात हलवत गेलं. अनय पुटपुटला, "व्हायब्रेशननं कॉक फिरत असतील." बंद कुलपात उभ्या गाडीला कसलं व्हायब्रेशन, हे मी त्याला विचारलं नाही.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं.

या एप्रिलमध्ये मावशी म्हणाली, "चल, बस मागे. भित्रा कुठला." बसलो. उतारावर जीव मुठीत धरून मी सीटचा दांडा दोन्ही हातांनी आवळला होता. माझ्या मागे फक्त सामानाचा डबा होता. आणि माझ्या डाव्या खांद्यावर...

टक. टक.

"मावशी, हळू चालव," मी ओरडलो.

तिनं मान वळवली नाही. "तुलाही सांगायला लागले का? लक्ष देऊ नकोस," म्हणाली, आणि वेग वाढवला.

त्यानंतर मी त्या गाडीवर बसलेलो नाही. ती दर रविवारी जाते. निघताना मी कॉक बघतो, उघडे असतात. आणि मागचे फूटरेस्ट खाली असतात.